हेडलाइट लागत नाही म्हणजे मॉड्यूलच गेलं का?

पूर्वी हेडलाइटचा करंट स्विचमधून, फार तर एका रिलेतून, थेट बल्बपर्यंत जायचा. आता बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंगजवळची दांडी नुसता इशारा देते आणि बल्बला करंट सोडायचा की नाही ते एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल ठरवतं. कुठे ते काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बीसीएम करतं, कुठे त्यासाठी स्वतंत्र लाइट कंट्रोल मॉड्यूल असतं. तेव्हापासून गॅरेजमध्ये एक वाक्य फार सहज ऐकू येतं : "मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल." कधीकधी ते खरंही असतं. पण काहीच न मोजता ते उच्चारलं, तर तो निव्वळ अंदाज असतो आणि त्या अंदाजाचे पैसे गाडीवाला भरतो.

एकाच बाजूचा दिवा गेला असेल, तर मॉड्यूलवर सगळ्यात शेवटी यावं. डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला की पाच मिनिटांत बरंच कळतं. बिघाड बल्बबरोबर सरकला तर बल्ब बदला, विषय संपला. जागच्या जागी राहिला तर होल्डर, कपलर, त्या बाजूचा फ्यूज आणि अर्थ तपासा. दोन्ही दिवे एकदम गेले की मॉड्यूलचा संशय वाढतो, तरी तेवढ्यावर शिक्का मारू नये. शहरातल्या झगमगाटात एक बल्ब कधीच उडालेला असतो, कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरा उडतो तेव्हा दोन्ही एकदम गेल्यासारखं वाटतं.

सगळ्यात जास्त दिशाभूल करणारा समज मल्टिमीटरबद्दलचा आहे. कपलर काढून पिनेवर मीटर लावला, 12 व्होल्ट दिसले, म्हणजे वायरिंग ठीक, असं धरून चालतात. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरच्या दहा-वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी तो 12 व्होल्ट दाखवेल. नळ बंद असताना पाइपात दाब भरपूर असतो, उघडल्यावर मात्र धार करंगळीएवढी येते, तसंच हे. 55 वॉटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. तो ओढला जात असतानाच मोजायला हवं. बल्ब जोडलेला आणि चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बल्बच्या अर्थ पिनेला लावा. तिथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थमध्ये खोट आहे. पॉझिटिव्ह बाजूलाही तसंच मोजावं. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर गळती दिसली तर ती कुठल्या सांध्यात होते ते शोधत जावं. ही गळती किरकोळ वाटते, पण हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो : व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं की प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी कमी होतो. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीच्या अर्थच्या नटाखाली हिरवट गंज सापडणं मुळीच नवलाचं नाही. तो खरवडून नट घट्ट केला, की मंद दिवे पुन्हा लख्ख होतात.

मीटरची आणखी एक अडचण. बरीच मॉड्यूलं दिव्याला सलग करंट न देता तो सेकंदाला शेकडो वेळा तोडून देतात. अशा वेळी साधा मीटर मधलाच कुठला तरी आकडा दाखवतो आणि "मॉड्यूल कमी व्होल्टेज देतंय" असा निष्कर्ष निघतो. खरी आकृती ऑसिलोस्कोपवरच दिसते.

स्कॅनर लावून "कोड नाही म्हणजे दोष नाही" म्हणणंही चूक. स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचे, म्हणजे पी अक्षराने सुरू होणारे कोड तेवढे वाचतो. दिव्यांच्या तक्रारी बी कोडमध्ये आणि मॉड्यूलांमधल्या संपर्काच्या यू कोडमध्ये नोंदलेल्या असतात. आणि कोड मिळाला तरी तो कुठलं सर्किट तपासायचं एवढंच सांगतो. कुठल्या भागावर पैसे घालायचे, हे त्यात लिहिलेलं नसतं.

दिवे बंदच होत नाहीत, हीही तक्रार येते. अनेक गाड्यांत स्विचकडून इशारा येईनासा झाला की मॉड्यूल मुद्दाम लो बीम लावून ठेवतं, कारण रात्री अंधारात जाण्यापेक्षा ते सुरक्षित. म्हणजे तिथे मॉड्यूल आपलं काम चोख करतंय. दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत शोधायचा.

मॉड्यूल खरोखर बिघडतं तेव्हाचं एक चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. फोर्डने 2003 ते 2005 या वर्षांतल्या क्राउन व्हिक्टोरिया आणि ग्रँड मार्क्विस या मोटारी 2015 मध्ये परत बोलावल्या; तीन लाखांहून जास्त. चालत्या गाडीचे हेडलाइट अचानक जात होते. कारण होतं लाइटिंग कंट्रोल मॉड्यूलमधल्या सोल्डरच्या सांध्यांना गेलेले तडे. सांधा तापतो, निवतो, पुन्हा तापतो. शेवटी पिनेभोवती केसाएवढी गोल भेग पडते. म्हणूनच असा दोष येतो-जातो : दिवे वीस मिनिटं छान चालतात, मग विझतात आणि निवल्यावर पुन्हा लागतात.

यावरून "मॉड्यूल दुरुस्त होतच नाही" हा समजही तपासून पाहावा. प्रोसेसर जळाला असेल तर बोर्डवर वेळ घालवू नये. पण भेगाळलेला सांधा किंवा झिजलेला रिले कुशल हाताला नीट करता येतो. भिंगाखाली भेग शोधायची, वरचं संरक्षक लेपन काढायचं, जुनं सोल्डर शोषून घ्यायचं आणि नवं भरायचं. जुन्यावरच वरून डाग देणं टाळावं : शिसं असलेलं 63/37 सोल्डर 183 अंशांना वितळतं, बिनशिशाचं सुमारे 217 ला, आणि दोन्ही मिसळली की सांधा कसा जमेल याची खात्री राहत नाही. झेनॉन दिव्याचा बॅलास्ट मात्र घरी उघडू नये. दिवा पेटवताना तो 20,000 व्होल्टच्या वर झटका देतो.

मॉड्यूल ज्यामुळे मरतं, ते बऱ्याचदा आपणच बसवलेलं असतं. 100 वॉटचा बल्ब आठ अँपिअरच्या वर करंट ओढतो. 55-60 वॉटसाठी बनवलेला होल्डर वितळतो आणि मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर तापत राहतो. उलट बाजारातला एलईडी बल्ब इतका कमी करंट घेतो, की काही मॉड्यूलं बल्ब उडालाय असं समजून त्याचा पुरवठाच तोडतात. मूळ बल्ब परत लावला की "बिघडलेलं" मॉड्यूल लगेच सुधारतं.

एवढं तपासूनही बदलायचंच ठरलं, तर जुन्या बाजारातून तोच पार्ट नंबर आणून जोडला की झालं, असं समजू नका. बीसीएममध्ये गाडीचा चासी नंबर, तिच्यात कुठल्या सोयी आहेत याची नोंद आणि काही गाड्यांत किल्लीची ओळखही साठवलेली असते. दुसऱ्या गाडीचं बीसीएम बसवल्यावर दिवे लागतील, पण इंजिन सुरूच होणार नाही, असंही घडू शकतं. म्हणून जुनं मॉड्यूल स्कॅनरशी बोलतंय तोवरच त्यातलं कोडिंग उतरवून ठेवायला मेकॅनिकला सांगा. मगच बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून ते काढायला घ्यावं.