उसाच्या चोथ्याचे डांबर उन्हापावसात किती टिकेल?

उसाची साखर झाली, मोलॅसिसचे अल्कोहोल झाले, बगॅसवर बॉयलर चालले, वीजही झाली. आता चोथ्याचे डांबर होणार, ही चर्चा गावोगाव ऐकू येते. चर्चेला आधार आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यात मनसरजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर सुमारे एक किलोमीटरचा तुकडा लिग्निन मिसळलेल्या डांबराने करण्यात आला. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आणि दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. यात १५ टक्क्यांपर्यंत डांबराची जागा लिग्निन घेते. देशाला लागणाऱ्या डांबरापैकी निम्म्याच्या आसपास बाहेरून आणावे लागते, तेव्हा बातमी चांगलीच म्हणायची. पण नवा रस्ता कसलाही असो, काळाभोर आणि गुळगुळीतच दिसतो. बैल घेताना आपण रंगावर जात नाही, दात पाहतो. इथेही तेच करायला हवे.

लिग्निन म्हणजे काय, तर उसाच्या कांडीला ताठपणा देणारा, धाग्याला धागा धरून ठेवणारा पदार्थ. कोरड्या बगॅसमध्ये त्याचा वाटा ढोबळ मानाने पाचवा हिस्सा असतो. चोथ्यापासून इथेनॉल काढले की लिग्निन मागे उरते. जे निसर्गात धागे चिकटवते ते खडी का चिकटवणार नाही, असा हा साधा विचार आहे.

आता डांबर म्हातारे कसे होते ते पहा. डांबरात काही भाग हलका, तेलकट असतो आणि काही जड. हवेतला प्राणवायू आणि ऊन लागून तेलकट भाग कमी होत जातो, जड भाग वाढतो. डांबर कडक होते, मग ठिसूळ होते. चांगल्या रस्त्यावर सात-आठ वर्षांनी मगरीच्या पाठीसारख्या भेगा दिसू लागतात, त्यात या म्हातारपणाचा मोठा हात असतो. गंमत अशी की त्याची सुरुवात रस्त्यावर होतच नाही, ती मिक्सर प्लँटमध्ये होते. दीडशे-पावणेदोनशे अंश उष्णतेत खडीवर डांबराचा पातळ थर बसतो, तेव्हाच ते बरेच वय खाते. म्हणून प्रयोगशाळेत डांबर आधी १६३ अंशांवर ८५ मिनिटे फिरत्या बाटल्यांत तापवतात. मग दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २१ किलो दाबाच्या हवेत, शंभर अंशांच्या आसपास, वीस तास ठेवतात. पाच-दहा वर्षांचे ऊन-वारे एका दिवसात दाखवण्याची ही युक्ती आहे. यात पाऊस मात्र नाही, हे लक्षात ठेवा.

वनस्पतींपासून केलेले सगळे पर्याय या परीक्षेत सारखे उतरत नाहीत. लाकूड किंवा काडीकचरा हवेशिवाय भाजून जे तेल निघते, त्यात पाणी, आम्ले आणि भरपूर प्राणवायू आधीपासूनच असतो. ते तापवले की आपोआप घट्ट होऊ लागते. शुद्धीकरण न करता वापरले तर ते डांबरापेक्षा लवकर म्हातारे होते. अमेरिकेत आयोवा राज्यात डे मॉइन येथे २०१० साली असे तेल मिसळून सायकलींचा रस्ता केला होता. प्रमाण थोडेच ठेवले होते, आणि शहाणपणा त्यातच होता.

लिग्निनची गोष्ट वेगळी. त्याच्या घडणीत असे काही गट असतात की जे प्राणवायूची खोडी स्वतःवर घेतात. त्यामुळे काही चाचण्यांत डांबराचे कडक होणे लांबले, काहींत फारसा फरक पडला नाही. पण लिग्निन डांबरात पूर्ण विरघळत नाही. काही भाग बारीक भुकटीसारखा राहतो आणि मिश्रण पहिल्या दिवसापासूनच थोडे ताठ होते. आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात हा ताठपणा उपयोगी, कारण चाकोऱ्या कमी पडतात. तोच ताठपणा जड वाहनांखाली वाकता न आल्याने भेग पाडू शकतो. आणि आपल्या ट्रॉल्या किती भरतात, ते आम्ही इथे छापत नाही!

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. काही कागद कारखान्यांतून निघणारे लिग्निनचे क्षार पाण्यात विरघळतात. कच्च्या रस्त्यावर धूळ बसवायला ते ठीक, पावसाळ्यात धुऊन जातात. आपल्या धंद्यालाही ही शिकवण जुनीच आहे. १९३२ साली साखरेला संरक्षण मिळून कारखाने भराभर उभे राहिले, मोलॅसिसचे करायचे काय हा प्रश्न पडला, आणि त्या दशकात ते रस्त्यावर वापरण्याचेही प्रयोग झाले. पण साखर ती साखर, पाणी लागले की सुटते. डांबरात घालायचे ते लिग्निन पाण्यात न विरघळणारे हवे, हे लेखी घेतल्याखेरीज कुणी पुढे जाऊ नये.

वयाचा खरा पुरावा हवा तर हॉलंडकडे पहावे लागते. तिथे झीलंड प्रांतात स्लाउस्किल येथे २०१५ साली लिग्निनचा रस्ता झाला. पुढे २०१७ मध्ये वागेनिंगेनला सायकलींच्या वाटेवर निरनिराळ्या लिग्निनचे तुकडे केले आणि शेजारी साध्या डांबराचाही एक ठेवला. ही पद्धत आम्हाला फार आवडली. ऊन तेच, पाऊस तोच, कोण आधी फाटतो ते डोळ्यांनी दिसते. मात्र तिकडचा पाऊस वर्षभर रिमझिमतो, आपला चार महिन्यांत कोसळतो.

मग सभासदाचा यात संबंध काय? संबंध दुहेरी आहे. लिग्निनला भाव आला तर चोथ्याचे मोल वाढेल. पण आज तोच चोथा बॉयलरमध्ये जळतो आणि वीज देतो, म्हणून नवा भाव त्या विजेच्या वर असला तरच हिशेब जमेल. दुसरे, हेच डांबर उद्या आपल्या शिवाररस्त्यावर येईल. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत ठेकेदाराकडे देखभाल पाच वर्षे असते. डांबराचे म्हातारपण दिसते ते बहुधा त्यानंतर, म्हणजे खड्डा गावकऱ्यांच्या वाट्याला. तेव्हा असा रस्ता सुचवणाऱ्याकडे तीन कागद मागावेत: वीस तासांच्या चाचणीचा निकाल, भिजवलेल्या नमुन्याच्या ताकदीचा निकाल, आणि शेजारी साध्या डांबराचा तुकडा ठेवण्याची हमी.

रामटेकच्या वाटेने कुणी गेले तर मनसरला जरूर थांबावे, गाडी बाजूला लावून. चाकांच्या पट्ट्यात खडी उघडी पडली आहे का, बारीक भेगांची जाळी धरली आहे का, पाणी साचते तिथे डांबर खडीवरून सुटले आहे का, एवढे पहावे आणि तारखेसह आम्हाला कळवावे. पत्र आले की पुढच्या अंकात छापू.