संगणकांतलें विमान आणि अनेक कोअरांचा प्रोसेसर

संगणकाच्या पडद्यावर विमान उडविणें हा वरवर पाहतां खेळ वाटतो. परंतु त्यामागें गणिताचा मोठा प्रपंच चाललेला असतो. पंखांवरील हवेचा दाब, इंजिनाचा जोर, वारा, ढग, खालची भूमि या सर्वांचा हिशेब करून सेकंदास ३० चित्रें दाखवावयाचीं, तर एका चित्रास सुमारें ३३ सहस्रांश सेकंदच मिळतात. तेवढ्यांत काम उरकलें नाहीं कीं चित्र अडखळतें, आणि धांवपट्टीवर उतरतांना चालविणाऱ्याचा अंदाज चुकतो.

पूर्वीं प्रोसेसरचा वेग वाढवून ही अडचण भागत असे. पुढें उष्णता आवरेना. तेव्हां इंटेल व ए.एम.डी. यांनीं २००५ मध्यें घरगुती संगणकांसाठीं दोन कोअरांचे प्रोसेसर आणले. पण स्वयंपाकघरांत हात वाढले म्हणून कामें आपोआप वांटलीं जात नाहींत. मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ २००६ मध्यें निघाला. जादा कोअरांचा खरा उपयोग त्याला २००७ च्या सुधारणेनंतर होऊं लागला. भूमीचीं चित्रें तयार करण्याचें काम तेव्हां इतर कोअरांकडे गेलें.

मात्र कांहीं कामें क्रमानेंच होतात. विमान कोठें आहे हें ठरल्यावांचून खिडकींतून काय दिसेल हें सांगतां येत नाहीं. निम्में काम असें अविभाज्य असेल, तर कोअर कितीही वाढवा, वेग दुपटीपलीकडे जात नाहीं. या विचाराचा पाया जीन अॅमडाल यांनीं १९६७ मध्यें घातला. म्हणून श्रोत्यांनीं यंत्र घेतांना केवळ कोअरांची संख्या मोजूं नये. एकेका कोअरचा वेगही पाहावा.