आहार-कार्यक्षमता : एका संज्ञेचे आनुवंशिक परिणाम

फरसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या व्यवसायात खाद्याचा खर्च सर्वांत मोठा असतो. म्हणून कमी खाऊन अधिक वाढणारा प्राणी पैदाशीसाठी निवडावा, हा विचार साहजिकच सुचतो. परंतु 'कमी' आणि 'अधिक' ही सापेक्ष पदे होत. ती कशाच्या मानाने घ्यावयाची हे ठरविल्यावाचून 'आहार-कार्यक्षमता' या संज्ञेस निश्चित अर्थ येत नाही. आणि व्याख्या बदलली की निवडला जाणारा प्राणीही बदलतो. फिनलंडमधील निळ्या कोल्ह्याच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

निळा कोल्हा हा ध्रुवीय कोल्ह्याचाच एक वर्णभेद होय. हिवाळ्यापूर्वी मेद साठविणे हा त्याचा निसर्गधर्म. मोठ्या कातड्यास अधिक किंमत येते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या आकाराची निवड होत गेली. रानात ३-४ किलोग्रॅम भरणारा हा प्राणी पिंजऱ्यात १५ किलोग्रॅमच्याही पुढे जाऊ लागला. अतिमेद व पुढील पायांचा वाकडेपणा हे दोष त्याच्या वाट्यास आले.

कार्यक्षमता मोजण्याचा सरळ मार्ग म्हणजे वजनवाढीस खाद्याने भागणे. खाद्याचा काही भाग केवळ देहधारणेत खर्ची पडतो. जो प्राणी झपाट्याने वाढतो त्याच्या बाबतीत हा खर्च अधिक वाढीवर विभागला जातो आणि गुणोत्तर चांगले दिसते. ती वाढ मांसाची की मेदाची, हे मात्र त्यावरून कळत नाही. फिनलंडमधील संशोधनात असे आढळले की, हा गुण काही अंशी आनुवंशिक असून त्याच्या निवडीत जलद वाढणाऱ्या व मेदस्वी कोल्ह्यांचीच सरशी होते.

दुसरी व्याख्या अमेरिकी संशोधकांनी १९६३ साली मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या संदर्भात मांडली. प्राण्याचे वजन व वाढ यांवरून अपेक्षित खाद्य काढावयाचे आणि प्रत्यक्ष खाल्लेल्या खाद्यातून ते वजा करावयाचे. बाकी ऋण आल्यास प्राणी काटकसरी समजावा. या राशीस 'शेष आहार' म्हटले तर मराठी वाचकास ताटातील उष्टे आठवेल. हा शेष वजाबाकीतला आहे. म्हणून 'अपेक्षाधिक आहार' हे नाव अधिक सुबोध वाटते. अपेक्षित खाद्य काढताना अंगावरील मेदही हिशेबात धरला, तर केवळ लठ्ठपणाच्या बळावर कोणताही प्राणी कार्यक्षम ठरत नाही.

मात्र कोणत्याही एका राशीत प्राण्याचे सर्व हित सामावत नाही. पायांची घडण स्वतंत्रपणे मोजून निवडीत तिला स्थान द्यावे लागते. पैदासकार ज्याची निवड करतो ते, आणि त्याच्याशी आनुवंशिक नात्याने जखडलेले इतर गुणदोषही, पुढील पिढीत उतरतात. संज्ञेची व्याख्या नेमकी करण्याचे महत्त्व येथे आहे.