औषधांची जोडी आणि तिची कसोटी

औषधसंयोगाचे सामर्थ्य आम्हा बालरोगतज्ज्ञांना ल्युकेमियाने शिकविले. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत बालकांना चार औषधे एकत्र देऊन पाहण्यात आली. एका औषधाला दाद न देणारी पेशी दुसऱ्याने मरावी, हा त्यामागील विचार होता. आज तोच विचार इम्युनोथेरपीच्या क्षेत्रात पुढे आला आहे.

आपल्या टी-पेशींवर ‘पीडी-१’ नावाचा एक लगाम असतो. कर्कपेशी तो ओढून धरतात. निवोलुमॅबसारखी औषधे तो सैल करतात. परंतु अनेक रुग्णांत मिळालेला लाभ कालांतराने ओसरतो. कर्कपेशी आपली ओळख लपवितात, टी-पेशी थकतात किंवा गाठीच्या आत शिरू शकत नाहीत. अशा वेळी ‘इम्युनोथेरपी चालूच ठेवून सोबत दुसरे औषध द्यावे’, असे सुचणे स्वाभाविक आहे.

मात्र तर्क म्हणजे पुरावा नव्हे. इम्युनोथेरपीनंतरही मूत्रपिंडाचा कर्करोग बळावलेल्या ५२२ रुग्णांवर ‘कॉन्टॅक्ट-०३’ ही चाचणी झाली. एका गटाला केवळ कॅबोझँटिनिब, तर दुसऱ्याला त्यासोबत अ‍ॅटेझोलिझुमॅब देण्यात आले. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग न वाढता गेलेला मध्यक काळ जोडीच्या गटात १०.६ महिने, तर एकट्या औषधाच्या गटात १०.८ महिने होता. गंभीर दुष्परिणाम मात्र ३३ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेले.

याउलट मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील चाचणी पाहा. तेथील प्रश्न निराळा होता. प्रगत अवस्थेतील डोके व मानेच्या कर्करोगात आरंभीच इम्युनोथेरपीची जोड देण्याचा. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब या तोंडाने घ्यावयाच्या औषधांना दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅम निवोलुमॅबची जोड दिली गेली. ही मात्रा नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. १५१ रुग्णांच्या या चाचणीत वर्षअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

दोन्ही जोड्या कागदावर तर्कशुद्धच होत्या. खरे-खोटे ठरले ते तुलनेसाठी दुसरा गट होता म्हणूनच.

म्हणून घरातील दागिने मोडून आणखी एक महागडे औषध जोडण्यापूर्वी कुटुंबीयांनी डॉक्टरांना नि:संकोच विचारावे, ‘याची तुलनात्मक चाचणी झाली आहे काय? झाली नसल्यास, एखादी चालू आहे काय?’ आणि आम्हा डॉक्टरांनीही या प्रश्नाचा राग न मानता सरळ उत्तर द्यावे. चाचणीत सहभागी होणारा रुग्ण पुढील रुग्णांची वाट उजळीत असतो. बालकांच्या ल्युकेमियाचा इतिहास याला साक्षी आहे.