जुनें डिझेल इंजिन घेतांना

विहिरीवर बसविण्यासाठीं जुनें डिझेल इंजिन घेण्याकडे पुष्कळ शेतकरी बंधूंचा कल असतो. किंमत कमी पडते हें खरें. परंतु परीक्षा न करितां घेतलेलें इंजिन तेलांत व दुरुस्तींत धन्यास बुडवितें.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. सुमारें १६ ते २० पट दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेटतें. म्हणून दाब हा त्याचा प्राण होय. इंजिन थंड असतां, तेल बंद ठेवून, चाक हातानें फिरवावें. तें अडून मागें उसळलें तर ठीक. सहज फिरल्यास रिंगा, सिलिंडर अथवा व्हॉल्व्ह झिजले असें समजावें. विक्रेत्यानें आधींच तापवून ठेवलेल्या इंजिनावर विश्वासूं नये.

नंतर पंप जोडून धूर पाहावा. निळा धूर वंगण जळत असल्याचें चिन्ह. तापल्यावरही पांढरा राहिल्यास तेल नीट पेटत नाहीं. काळा असल्यास बोजा अधिक, हवेची गाळणी तुंबलेली किंवा नोजल बिघडलेलें असतें.

खरेदीनंतर गाळणी धुवावी, नोजल तपासवावें व टॅपेटचें अंतर कारखान्याच्या पुस्तकाप्रमाणें ठेवावें. शक्ति वाढावी म्हणून तेलाचा स्क्रू सैल करणें हा आंधळा व्यवहार होय. त्यानें धूर वाढतो, पाणी नव्हे. इंजिनावर अति थंड पाणी सोडल्यासही तेल वाया जातें.

५ अश्वशक्तीचें इंजिन पूर्ण बोजावर तासास सुमारें सव्वा लिटर तेल घेतें. याहून फार अधिक घेत असल्यास सौदा सोडणेंच हितकर, असें आमचें मत आहे.