सेंटिमीटर ते मायक्रोमीटर : चार घरांचे अंतर

रायपूरजवळच्या उरला व सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत स्पंज लोखंडाचे कारखाने आहेत. कोळसा व लोहखनिज यांच्या हाताळणीत उडणाऱ्या धुळीचे मोठे कण छपरांवर बसतात आणि डोळ्यांस दिसतात. अधिक घातक कण दिसतच नाहीत. त्यांचा व्यास मायक्रोमीटरमध्ये सांगतात. या एककास पूर्वी ‘मायक्रॉन’ म्हणत. १९६७-६८ च्या आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने ते नाव रद्द केले, परंतु बोलण्यातून ते अद्याप गेलेले नाही.

मीटरचा शंभरावा भाग सेंटिमीटर आणि दहा लाखावा भाग मायक्रोमीटर. दहा लाखांस शंभराने भागले असता १०,००० येतात. तितके मायक्रोमीटर एका सेंटिमीटरमध्ये असतात. म्हणून सेंटिमीटरचे मायक्रोमीटर करताना दशांशचिन्ह चार घरे उजवीकडे न्यावे. उलट रूपांतरात चार घरे डावीकडे.

येथे एका घराची चूकही क्षम्य नाही. २.५ मायक्रोमीटर म्हणजे ०.०००२५ सेंटिमीटर. त्यातील एक शून्य गळून ०.००२५ लिहिले गेले, तर कण २५ मायक्रोमीटरचा ठरतो. असा कण बहुधा नाकातोंडातच अडकतो, २.५ मायक्रोमीटरचा कण मात्र श्वासाबरोबर फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतो. म्हणूनच २००९ च्या भारतीय मानकांत २.५ मायक्रोमीटर व त्याहून लहान कणांसाठी स्वतंत्र मर्यादा घातली गेली : वार्षिक सरासरी, दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम. (मायक्रोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक होय, लांबीचे नव्हे, या दोहोंची गल्लत नेहमी होते.)

माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर, म्हणजे ०.००७ सेंटिमीटर जाड असतो. त्याच्या जाडीत असे २८ कण ओळीने मावतील.