स्कूटरचा क्लच का झिजतो?

आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 साली पहिल्यांदा बाहेर पडलेली बजाज चेतक स्कूटर पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यात अजूनही अधूनमधून दिसते. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेतलेल्या या गाडीला आता हौशी मालक मिळू लागले आहेत. गॅरेजमध्ये तिची एक तक्रार ठरलेली असते: "ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडते, पण गाडी पळत नाही." फिटर ऐकूनच सांगतो, "प्लेटा गेल्या."

इंजिन बंद न करता गाडी थांबवायची, तर इंजिन आणि चाक यांची फारकत करता आली पाहिजे. हे काम क्लच करतो. चेतकच्या क्लचमध्ये बुचाचे अस्तर असलेल्या चकत्या आणि पोलादी चकत्या आळीपाळीने बसवलेल्या असतात व स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. डाव्या हातातील दांडी ओढली की दाब निघतो आणि चकत्या सुट्या फिरतात. दांडी हळूहळू सोडताना मात्र एक गंमत घडते. इंजिनकडच्या चकत्या जोरात फिरत असतात, चाकाकडच्या स्थिर असतात, आणि त्या एकमेकींवर घासत घासत समान वेगाला येतात.

या घासण्यात किती ऊर्जा जाते? समजा, इंजिनकडच्या चकत्यांचा वेग कायम राहिला आणि चाकाकडच्या चकत्यांचा वेग शून्यापासून तेवढ्याच वेगापर्यंत एकसारखा वाढला. म्हणजे चाकाकडच्या चकत्यांचा सरासरी वेग निम्मा. तेवढ्याच वेळात इंजिनकडच्या चकत्या शंभर फेरे फिरल्या, तर या पन्नासच फिरतात. पिळणारे बल दोन्हीकडे सारखेच असते. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. तेव्हा इंजिनाने केलेल्या कार्याचा निम्माच भाग चाकाकडे पोचला. उरलेला निम्मा उष्णता होऊन चकत्यांत राहिला! क्लच सावकाश सोडा की चटकन, सपाट रस्त्यावर हा हिशेब बदलत नाही.

आकडे घालून पाहू. दोन माणसांसह स्कूटरचे वस्तुमान 250 किलोग्रॅम धरू. पहिल्या गिअरमध्ये ती सेकंदाला 2.5 मीटर, म्हणजे ताशी 9 किलोमीटर वेगाला आली की क्लच पूर्ण जुळतो. तिची गतिज ऊर्जा ½ × 250 × 2.5 × 2.5, म्हणजे सुमारे 780 जूल. तेवढीच उष्णता क्लचमध्ये. निगडीहून शिवाजीनगरला जाताना पन्नास वेळा थांबावे लागले, तर 39,000 जूल! एवढ्या उष्णतेने पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर पाणी सुमारे 47 अंश सेल्सिअसने तापेल. चेतकचा क्लच तेलात बुडालेला असतो तो यासाठीच. तेल ही उष्णता वाहून नेते. नव्या चकत्याही बसवण्याआधी तेलात भिजवून घेतात.

घाटात गोष्ट वेगळी. बोरघाटाच्या चढावर गाडी थांबली, आणि क्लचमधून मिळणाऱ्या बलाचा तीन चतुर्थांश भाग नुसत्या चढाशी झगडण्यात गेला, तर वेग वाढवायला चौथा हिस्साच उरतो. घासण्याचा काळ चौपट होतो आणि उष्णताही चौपट. क्लच अर्धवट दाबून चढावर गाडी तोलून धरणारे स्वार चकत्यांचा जीव घेतात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळी ब्रेक वापरावा.

क्रँकशाफ्टच्या एका टोकाला क्लच, तर दुसऱ्या टोकाला, उजव्या बाजूच्या पत्र्याच्या झाकणाखाली, फ्लायव्हील असते. या इंजिनात दर फेऱ्याला एकदाच स्फोट होतो. उरलेला फेरा या जड चाकाच्या जडत्वावर पुरा होतो. समजा त्याचे 2 किलोग्रॅम वस्तुमान अक्षापासून 8 सेंटिमीटरवर आहे. मिनिटाला 1600 फेऱ्यांना त्यात सुमारे 180 जूल ऊर्जा साठते. गाडी हलवायला, वाया जाणारा निम्मा भाग धरून, 1560 जूल लागतात. म्हणून ॲक्सिलरेटर न पिळता क्लच सोडला की इंजिन धापकन बंद पडते. हेच वस्तुमान दुप्पट अंतरावर ठेवले, तर साठा चौपट होईल. स्पोर्ट्स मोटारींचे शौकीन मात्र उलट करतात. इंजिनाचा वेग झटकन चढावा म्हणून ते हलके फ्लायव्हील बसवतात आणि गाडी हलवताना जास्त कसरत पत्करतात.

चेतकचे फ्लायव्हील निमुळत्या दांड्यावर नटाने आवळलेले असते. ते काढायला पुलर लागतो. खाचेतली छोटी अर्धचंद्राकृती चावी त्याची जागा ठरवते. जोर पेलते ते मात्र निमुळत्या पृष्ठांमधले घर्षण. नट ढिला राहिला, तर सारा भार चावीवर येऊन ती कातरली जाते. मग फ्लायव्हील सरकते, ठिणगी भलत्याच वेळी पडते आणि किक उलटी बसून पायाला इजा होऊ शकते.

एमजीबीसारख्या, 1962 ते 1980 या काळात बनलेल्या, ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीत क्लच थेट फ्लायव्हीलच्या तोंडावरच दाबला जातो. तिथे तेल नसते. क्लच तापला की फ्लायव्हीलवरही निळसर डाग पडतात, म्हणून दोन्ही एकदमच तपासतात. त्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स उचलून बाहेर काढावे लागतात. चेतकमध्ये हा खटाटोप नाही. शिवाय प्लेटा बदलण्याआधी फिटरने केबल पाहावी. ती फार ताणलेली असेल, तर दांडी सोडूनही क्लच किंचित दाबलेलाच राहतो आणि चांगल्या चकत्याही घसरतात.

जानेवारी 2020 मध्ये चेतक हे नाव पुन्हा बाजारात आले, ते विजेवरच्या स्कूटरचे. विजेची मोटर स्थिर असतानाही पूर्ण जोर लावू शकते, त्यामुळे त्या गाडीला क्लच नाही आणि डाव्या हाताला गिअरही नाही.